नवा झुआरी पूल की मनोहर सेतू? एका नामकरणाचा अभ्यास

२९ डिसेंबर २०२२ रोजी गोव्यात झुआरी नदीवर आगशी आणि कुठ्ठाळीला जोडणाऱ्या नव्या पुलाच्या चार मार्गिका केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते खुल्या झाल्या. मुख्यमंत्री प्रमोद सावंत सोबत होते. पूल तेव्हा अर्धाच झाला होता. शेजारच्या दुसऱ्या चार मार्गिकांना आणखी वर्ष लागलं, त्या २२ डिसेंबर २०२३ ला सुरू झाल्या. नाव मात्र अर्ध्या पुलाबरोबरच पूर्ण येऊन पोचलं होतं: मनोहर सेतू. त्याआधीची सहा-सात वर्षं सरकारी कागद, वाहतूक पोलिसांच्या सूचना, पेपरातल्या बातम्या आणि कोंडीत अडकलेल्या माणसांच्या शिव्या या सगळ्यांत तो ‘नवा झुआरी पूल’ होता. सरकारच्या लेखी हे नामकरण होतं, पण रोज ये-जा करणाऱ्यांच्या लेखी ते नामांतरच.

मनोहर पर्रीकरांची योग्यता तपासणं हा या टिपणाचा विषय नाही. गोव्यात ती तपासायला बसलं की संध्याकाळची रात्र होते आणि निष्कर्ष निघत नाही. मला पाहायचं आहे ते एवढंच, की सार्वजनिक पुलाला माजी नेत्याचं नाव येतं कसं, ते देताना कोणाकोणाचे दावे बाजूला पडतात, आणि दिलेलं नाव लोकांच्या तोंडी बसतं किंवा बसत नाही ते कशामुळे. माझं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तपासून घेता येईल. नाव रुजणं हे नेत्याच्या उंचीवर फारसं अवलंबून नसतं. त्या ठिकाणी नावाची जागा रिकामी होती का, यावर ते ठरतं.

एका दिवसात पाहिलेले दोन पूल

१६ डिसेंबर २०१८ ला पर्रीकर घराबाहेर पडले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने शरीर पार खंगलेलं, नाकात नळी. त्या दिवशी त्यांनी मांडवीवरच्या तिसऱ्या पुलाची आणि झुआरीच्या नव्या पुलाची पाहणी केली. ते फोटो देशभर गेले. समर्थकांना त्यात कर्तव्यनिष्ठा दिसली, विरोधकांनी विचारलं की इतक्या आजारी माणसाला कोण आणि कशासाठी बाहेर काढतंय. दोन्ही बाजूंचं बोलणं मनापासून होतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

२७ जानेवारी २०१९ ला मांडवीवरच्या पुलाचं उद्घाटन झालं. त्याला नाव मिळालं अटलबिहारी वाजपेयींचं: अटल सेतू. वाजपेयी १६ ऑगस्ट २०१८ ला गेले होते, म्हणजे मध्ये जेमतेम पाच महिने. त्याच समारंभात पर्रीकरांनी बसल्या जागेवरून ‘हाऊ इज द जोश’ विचारलं आणि समोरचे लोक हेलावले. १७ मार्चला ते गेले. डिसेंबरात पाहणी केलेल्या दोन पुलांपैकी एकाला त्यांच्या सरकारने त्यांच्या नेत्याचं नाव दिलं, आणि दुसऱ्याला त्यांच्यामागून आलेल्या सरकारने त्यांचं. ही साखळी लक्षात घेतली तर मनोहर सेतू हे नाव अचानक आलं असं म्हणता येत नाही. २०१९ पासून ते जवळजवळ ठरल्यासारखंच होतं.

आता श्रेयाची बाजू. पुलाची पायाभरणी २०१६ साली गडकरींनी केली. तेव्हा मुख्यमंत्री होते लक्ष्मीकांत पार्सेकर, सार्वजनिक बांधकाम खातं मगोपच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) सुदिन ढवळीकरांकडे आणि पर्रीकर दिल्लीत संरक्षणमंत्री. पैसा केंद्राचा, एकूण खर्च अडीच हजार कोटींच्या घरात. कंत्राट दिलीप बिल्डकॉनचं. काम रेंगाळलं ते पर्रीकरांच्या आणि पुढे सावंतांच्या कारकिर्दीत, आणि पूर्णही सावंतांच्याच कारकिर्दीत झालं. या यादीतला कोणीही माणूस ‘हा पूल माझा’ म्हणाला तर त्याला खोटं पाडता येणार नाही, आणि कोणालाही तो एकट्याचा म्हणता येणार नाही. पार्सेकर २०१७ ला मांद्र्यात पडले, त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलायला कोणी उरलं नाही, एवढाच फरक. एक गोष्ट मान्य करायला हवी. पर्रीकर स्वतः मुंबईच्या आयआयटीतून शिकलेले धातुशास्त्राचे अभियंता, आणि मोठ्या पुलांचा सोस त्यांना होता हे गोव्यात कोणी नाकारणार नाही. केबलच्या पुलाला त्यांचं नाव अगदीच ओढूनताणून आणलेलं वाटत नाही.

झुआरीवर पूल म्हणजे काय

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं थांबायला हवं. पणजीहून दक्षिणेला निघालं की बांबोळी, गोवा वेल्हा, पिलार करत आगशीला पोचतो, आणि तिथे झुआरी आडवी येते. पलीकडे कुठ्ठाळी. तिथून सरळ गेलं की वेर्णा आणि मडगाव, उजवीकडे वळलं की सांकवाळ, चिखली, दाबोळी विमानतळ आणि वास्को. म्हणजे राज्याची राजधानी, तिचा जुना विमानतळ, तिचं बंदर आणि दक्षिणेकडचं सर्वांत मोठं शहर यांच्यामध्ये एकच नदी आहे. बोरीमार्गे वळसा घालता येतो, पण तो वळसाच.

१९८३ पर्यंत इथे फेरीबोट होती. मग पहिला पूल आला. खारं वारं आणि वाढती वाहतूक यांनी तो लवकर थकला, अवजड वाहनांवर वेळोवेळी निर्बंध आले. विमान चुकलेला माणूस, परीक्षेला उशीर झालेलं मूल, बांबोळीच्या इस्पितळाकडे निघालेली आणि पुलाअलीकडे रांगेत अडकलेली रुग्णवाहिका, या गोष्टी इथल्या प्रत्येक घरात एक तरी सापडते. त्यामुळे नव्या पुलाबद्दलची आस खरी होती. तो सुरू झाला तेव्हा लोक तारांचे फोटो काढायला मुद्दाम गेले. राजकारण्यांनी आणलेली गर्दी नव्हती ती. इतक्या आतुरतेने वाट पाहिलेल्या वस्तूला लोकांनी वाट पाहतानाच नाव देऊन ठेवलेलं असतं, आणि इथे ते होतं ‘नवा पूल’.

पणजी-मडगाव शटलमध्ये माझ्या पुढच्या बाकावरचा एक तरुण फोनवर सांगत होता, “नव्या पुलार पावलां, धा मिंटांनी येतां.” पूल सुरू होऊन तोवर बराच काळ लोटला होता, बाहेर खांबांना रंगीत दिवे लागले होते. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ मराठी पेपर वाचत होते. त्या पानावरच्या एका अपघाताच्या बातमीत ‘झुआरी पुलावर’ असंच लिहिलेलं. सरकारी जाहिराती आणि समारंभाच्या बातम्या सोडल्या तर मनोहर सेतू हे नाव रोजच्या व्यवहारात शोधावं लागतं.

याच प्रवासात परत येताना पणजीच्या अलीकडे मेरशीजवळ लोक पुलाला काय म्हणतात ते असंच ऐकून पाहा. “अटल सेतूवरून जाणार की खालून?” हा प्रश्न दर दुसऱ्या गाडीत विचारला जातो.

अटल रुजलं, मनोहर अडलं

दोन्ही पूल केबलचे. दोन्ही एकाच पक्षाच्या सरकारांनी, तीन-चार वर्षांच्या अंतराने, दिवंगत नेत्याच्या नावे केलेले. नेत्याच्या लोकप्रियतेचा हिशेब लावला तर गोव्यात तरी पर्रीकरांचं पारडं जड असायला हवं, ते घरचे. पण लोकांच्या जिभेवर बसले ते वाजपेयी.

कारण मांडवीच्या भूगोलात आहे. पणजी आणि पर्वरी यांच्यामध्ये आधीच दोन पूल शेजारी शेजारी होते. तिसरा त्यांच्या मधून आणि त्यांच्या वरून गेला. सर्व उतारमार्ग धरून सुमारे पाच किलोमीटरचा. त्यावर दुचाकींना मज्जाव आहे, म्हणजे स्कूटरवाल्याला कुठला पूल घ्यायचा नाही हे नावाने माहीत असावं लागतं. चारचाकीवाल्याला पर्वरीचा उतार उतरतानाच ठरवावं लागतं की वरून जाऊन थेट मडगाव किंवा फोंड्याच्या रस्त्याला लागायचं की खालून पणजीत शिरायचं. चुकलं तर मागे फिरता येत नाही. तिथे ‘मांडवी पूल’ म्हणून भागत नाही, ‘नवा पूल’ म्हणूनही भागत नाही, कारण जुन्या दोघांतही एक दुसऱ्यापेक्षा नवा आहेच. ‘तिसरा मांडवी पूल’ हे बांधकाम खात्याचं नाव, तोंडात घोळवायला लांबलचक. म्हणजे जागा रिकामी होती. पाच अक्षरांचं नाव आलं आणि बसलं. ते वाजपेयींचं होतं हा भाग त्यानंतरचा.

झुआरीवर तशी गरजच नव्हती. एक जुना पूल, एक नवा. दोन शब्दांत काम होतं. त्यात नव्या पुलाच्या दोन्ही बाजू, जाण्याची आणि येण्याची, एकाच नावाखाली. निवड करायची नाही, चुकायचं भय नाही. ज्या जागेवर आधीच कोणी बसलंय तिथे सरकारने पाटी लावली.

मुंबईकडे पाहिलं तरी हेच दिसतं. २००९ ला वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला, त्याला राजीव गांधींचं नाव आहे. ते कोण घेतं? ‘सी लिंक’ हे नाव आधीच रूढ होतं, आणि तेव्हा तशी दुसरी चीज शहरात नव्हती. उलट शिवडी-न्हावा शेवा पूल जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला आणि मुंबईकरांनी ते नाव चटकन उचललं, कारण आधीचं नाव म्हणजे चार इंग्रजी आद्याक्षरं, ती वळणार कोणाच्या जिभेला? गंमत अशी की आता दोन शेजारच्या राज्यांत दोन अटल सेतू आहेत. अहमदाबादचा साबरमतीवरचा पादचारी पूलही अटलच, रोहतांगचा बोगदाही अटलच. कोल्हापूरहून गाडीने गोव्याला येणाऱ्या माझ्या भाच्याने एकदा फोन करून विचारलं, “मामा, अटल सेतूला अडीचशे रुपये टोल आहे म्हणे?” तो मुंबईचा. आमच्याकडे टोल नाही.

आधीची दोन उदाहरणं

गोव्यात पुलाला सत्ताधाऱ्याचं नाव देण्याची प्रथा नवी नाही. पणजी ते रायबंदर हा खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीतून गेलेला, सुमारे तीन किलोमीटरचा दगडी बांध १६३० च्या दशकात व्हाइसरॉय कोंद दि लिन्यारिशच्या कारकिर्दीत बांधला गेला आणि त्याच्याच नावाने ओळखला गेला: पोंत दि लिन्यारिश. म्हणजे हा माणूस माजी होईपर्यंतही थांबला नव्हता. आज त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी शंभरात एकाला हे नाव माहीत असेल तर पुष्कळ. रस्ता अजून वापरात आहे, नाव वारसा सहलींच्या पत्रकांत.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. मुक्तीनंतर मांडवीवर पणजीत पहिला पूल झाला तो १९७० च्या सुमारास, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना. त्याला नाव दिलं गेलं पंडित नेहरूंचं. नेहरू १९६४ ला गेले होते आणि गोव्याच्या मुक्तीचा निर्णय त्यांच्या सरकारचा, तेव्हा नावाला आधार होता. ५ जुलै १९८६ ला तो पूल कोसळला. आयुष्य जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचं. काँक्रीटच्या आत ताण देऊन बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या, हे त्याचं मुख्य कारण अभियंते सांगतात. त्यानंतर कित्येक वर्षं बेतीच्या फेरीबोटीला राजधानीचा भार वाहावा लागला. नवा पूल १९९२ मध्ये आला.

त्या पिढीच्या कोणत्याही माणसाला विचारा, तो ‘मांडवी पूल पडला’ असंच म्हणेल. ‘नेहरू पूल पडला’ असं म्हणणारा मला भेटलेला नाही. याला दोन कारणं दिसतात. एक, आधी सांगितलं तेच: पणजीत नदीवर एकच पूल असताना ‘पूल’ एवढं पुरत होतं. दुसरं अवघड आहे. बांधकामाला माणसाचं नाव दिलं की बांधकामाचे दोष त्या नावाला चिकटतात, आणि लोक, नेत्याचे विरोधकसुद्धा, ते चिकटवायला बिचकतात. संकटाच्या वेळी नाव आपोआप गळून नदीचं नाव पुढे येतं. अटल सेतूवर खड्डे पडले तेव्हा मात्र ‘अटल सेतूवर खड्डे’ अशा बातम्या सरळ छापून आल्या आणि २०२३ मध्ये दुरुस्तीसाठी पूल काही काळ बंद राहिला तेव्हाही तेच नाव वापरलं गेलं, कारण एव्हाना ते माणसाचं राहिलं नव्हतं, रस्त्याचं झालं होतं. नाव खरोखर रुजल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. सन्मान करायला निघालेल्यांना मात्र हे कळलं तर आवडेल का, शंका आहे.

ज्यांची नावं बाजूला राहिली

गोव्यात कोणत्याही मोठ्या बांधकामाच्या नावाची चर्चा निघाली की दोन नावं हटकून येतात. एक पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर, दुसरे पहिले विरोधी पक्षनेते डॉ. जॅक सिक्वेरा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा यावर मतदान झालं. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मतं पडली, बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. बांदोडकर हरलेल्या बाजूचे आणि तरीही त्याच वर्षी पुन्हा मुख्यमंत्री झालेले. सिक्वेरा जिंकलेल्या बाजूचे आणि सत्तेत कधीच न आलेले. साठ वर्षं होत आली तरी हा कौल गोव्यात शिळा झालेला नाही. सिक्वेरांचा पुतळा विधानसभा संकुलात हवा की नको, यावरून २०१८ मध्ये केवढी खडाजंगी झाली! कोणाचंही नाव पुढे केलं की दुसरी बाजू उठते. अशा ठिकाणी पर्रीकरांचं नाव राज्यकर्त्यांना सोयीचं होतं. ते १९६७ च्या कोणत्याच बाजूचे नव्हते, तेव्हा शाळेत होते. त्यांना मानणारे हिंदूंत आणि कॅथलिकांतही होते. वाद होणार तो पक्षीय, आणि पक्षीय वाद राज्यकर्त्यांना पेलतो.

मराठी वाचणाऱ्या गोव्याची रुखरुख वेगळी आहे, आणि मी त्यातलाच आहे म्हणून ती झाकत नाही. ११ डिसेंबर २०२२ ला, झुआरीच्या पुलाआधी अठरा दिवस, पंतप्रधानांनी मोपाचा विमानतळ सुरू केला. त्यालाही नाव मनोहरच. मोपा पेडणे तालुक्यात येतं, भाऊसाहेब जन्मले ते पेडण्यात. मोपाला त्यांचं नाव द्यावं ही मागणी मगोपच्या आणि बहुजन समाजातल्या अनेकांनी लावून धरली होती. ती मान्य झाली नाही. काणकोणच्या बायपासला पर्रीकरांचं नाव आधीच दिलेलं होतं, दिल्लीतल्या संरक्षण अभ्यास संस्थेलाही. एवढ्याशा राज्यात विमानतळ आणि झुआरीवरचा पूल पिढीतून एकदा होतात. एकाच महिन्यात दोन्ही एकाच माणसाच्या नावे करणं मला अती वाटलं. मोपा भाऊसाहेबांना आणि पूल भाईंना, म्हणजे पर्रीकरांना, दिला असता तर कदाचित दोन्ही नावांचं वजन वाढलं असतं. हे माझं मत, पुरावा नाही.

खुद्द पर्रीकरांनी ही गोष्ट जास्त हुशारीने हाताळली होती. निराधार, वृद्ध आणि अपंगांसाठीची जी पेन्शन योजना त्यांच्या सरकारने सुरू केली तिला नाव दिलं ‘दयानंद सामाजिक सुरक्षा योजना’. नव्वदच्या दशकापासून भाजप गोव्यात वाढला तो बराचसा मगोपच्या मतदारांवर, आणि या नावाने त्या मतदाराला सांगितलं गेलं की तुमचे भाऊसाहेब आमच्याकडेही आहेत. राजकारण होतंच त्यात. पण परिणाम पाहा. गावच्या बँकेसमोर महिन्याच्या सुरुवातीला बसलेल्या आज्या एकमेकींना विचारतात, “दयानंदाचे आले गे?” पणजीतल्या दयानंद बांदोडकर मार्गाला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही, बोलण्यात त्याचा ‘डी. बी. रोड’ झालाय. पेन्शनला मात्र आधी नाव नव्हतं, कारण पेन्शनच नव्हती. तिथे जागा रिकामी होती.

निर्णय कोणाचा

प्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. गावं, शहरं आणि रेल्वे स्थानकांची नावं बदलण्यासाठी केंद्रीय गृहखात्याची १९५३ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. खास कारण असल्याशिवाय लोकांना सरावाची झालेली नावं बदलू नयेत, हा त्यांचा गाभा. फेब्रुवारी २०२३ मध्ये परकी आक्रमकांची नावं बदलण्यासाठी आयोग नेमा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, तीही ठिकाणांच्या नावांबद्दलच. नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांना नाव द्यायचं तर पालिकेत ठराव येतो, नगरसेवक भांडतात, पेपरात छापून येतं. पुलाचं असं होत नाही. अटल सेतू राज्याच्या पायाभूत सुविधा महामंडळाने बांधलेला, झुआरीचा पूल केंद्राच्या पैशाने राष्ट्रीय महामार्गावर झालेला. मालक वेगळे, पण नाव दोन्ही वेळा आलं ते उद्घाटनाच्या तोंडावर आणि वरून. सामान्य माणसाने आपली सूचना कोणत्या खिडकीत द्यावी, किती तारखेपर्यंत द्यावी, हे त्याला ठाऊक नसतं.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उलट झालं. २०२१ च्या जूनमध्ये प्रकल्पग्रस्त भूमिपुत्र हजारोंनी रस्त्यावर उतरले. सिडकोने बाळासाहेब ठाकरेंचं नाव पुढे केलं होतं. लोकांना हवे होते त्यांच्या जमिनीच्या मोबदल्यासाठी लढलेले दि. बा. पाटील. २९ जून २०२२ ला, सत्ता जायच्या दिवशी, ठाकरे सरकारच्याच मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाला मंजुरी दिली. मार्ग संघर्षाचा होता आणि त्याची शिफारस मी करत नाही. पण त्या नावामागे कोण उभं होतं हे सगळ्यांना दिसलं. मनोहर सेतूमागे आगशीकर उभे होते का, कुठ्ठाळीकर उभे होते का? असतीलही. त्यांना विचारल्याचं मात्र दिसलं नाही.

पुढचा पूल

झुआरीवरच बोरीला नवा पूल व्हायचा आहे. लोटली-बोरी भागातल्या शेतकऱ्यांचा खाजन जमीन जाणार म्हणून विरोध आहे, आणि तो प्रश्न नावापेक्षा कितीतरी मोठा आहे. तरी नावाची वेळ येईलच. तोवर एखाद्या नेत्याचं निधन झालेलं असेल, श्रद्धांजलीच्या सभेत कोणीतरी मागणी करेल, टाळ्या पडतील आणि त्या ओघात निर्णय होईल.

म्हणून या प्रकरणातून खात्याने उचलावं असं काही सुचवतो. निधनानंतर निदान दोन वर्षं कोणाचंही नाव कोणत्याही पुलाला देऊ नये. झुआरीच्या बाबतीत जवळजवळ चार वर्षं गेली, म्हणजे थांबणं अशक्य नाही. दोन्ही काठांच्या ग्रामसभांचे ठराव फाइलला जोडावेत, बंधनकारक म्हणून नकोत, पण वाचायला असावेत. राजपत्रात आणि पाटीवर नदीचं नाव आधी यावं: ‘झुआरी नदी, मनोहर सेतू’. रुग्णवाहिकेला आणि अग्निशमन दलाला फोन करणारा घाबरलेला माणूस नदीचंच नाव सांगणार आहे. आणि फाइल वर जाण्याआधी कोणीतरी कनिष्ठ अभियंत्याने एक दिवस जुन्या बोरी पुलावर उभं राहून बसवाले, ट्रकवाले आणि मासे घेऊन जाणाऱ्या बाया येऊ घातलेल्या पुलाला काय म्हणतात ते लिहून आणावं. बोरीलाही झुआरीसारखाच एक जुना पूल आणि एक नवा असणार आहे. त्यामुळे त्या कागदावर काय लिहिलेलं असेल याचा अंदाज आजच करता येतो.